डावी बाजू माझी

महापेच्या डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला
मी दुसऱ्यांची यंत्रं गार ठेवतो.
बोनस झाला तेव्हा वाटलं,
एखादं आपलंही असावं,
आपल्यासाठी तापणारं.

गेमिंगचा कॉम्प्युटर की कन्सोल?
दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता.
वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून
पोह्यांच्या बशीशेजारी मी हिशेब मांडायचो:
ग्राफिक्स कार्डाचा भाव सोन्यासारखा,
सकाळी एक, संध्याकाळी एक.
कन्सोल स्वस्त, पण गेम कापतात खिसा,
तरी तिसऱ्या मजल्यावरचा ऑगस्टिन म्हणतो,
खेळून झाली की डिस्क विकता तरी येते.
अनघाचं मत एका ओळीचं:
"कॉम्प्युटर घेतलास तर आम्हाला तुझी पाठच दिसणार.
दिवसा झोपलेली पाठ, संध्याकाळी खेळणारी पाठ."

तरीही वहीत कॉम्प्युटरच पुढे होता.
कारण मात्र वहीत नव्हतं.
अण्णांचा डावा हात
गेल्या दिवाळीपासून मांडीवर पडून असतो,
पाहुणा विसरून गेलेल्या सामानासारखा.
माउस एका हाताचा.
कन्सोलचं पॅड दोन हातांचं.
मिटला प्रश्न.

अण्णांनी एवढंच विचारलं, "उघडतो का?"

तीस वर्षं कोपरखैरण्याच्या गाळ्यात
त्यांनी लोकांचे टीव्ही उघडले,
आणि शाळा सुटल्यावर मी टॉर्च धरली.
"उजेड माझ्या हातावर नको, कामावर पाड!"
त्यांच्या लेखी जगात वस्तू दोनच प्रकारच्या,
स्क्रू असलेल्या
आणि फसवणुकीच्या.

"कॉम्प्युटर उघडतो," मी म्हणालो.
"मग त्यात विचार कसला करतोस?"

रविवारी वाशी, सेक्टर सतरा.
दुकानातल्या पोरानं कोटेशन काढायला घेतलं
आणि प्रिंटरनं कागद गिळला.
तोवर अण्णा डेमोच्या सोफ्यावर टेकले.
समोर भिंतभर पडदा,
त्यात छत्री घेतलेला एक बेडूक
मोडक्या पुलाच्या टोकाशी उभा,
कुणीतरी येईल म्हणून.

अण्णांनी उजव्या हातानं पॅड उचललं.
बटण दाबलं. बेडूक उडाला,
जागच्या जागी.
पुन्हा उडाला. पुन्हा तिथंच.
चालवायची काठी डावीकडे.

मी शेजारी बसलो
आणि काही न बोलता डावी बाजू धरली.
चालणं माझं.
उडी त्यांची.

पहिल्यांदा दरीत.
दुसऱ्यांदाही.
"घाई करतोस," ते म्हणाले,
टॉर्चच्या वेळच्या त्याच आवाजात.
"तुम्ही उशिरा उडता."
"मी बरोबर उडतो. तू थांबत नाहीस."
किती वेळा पडलो ते मोजलं नाही.
आमचे गुडघे एकमेकांना लागले होते,
गाळ्यातल्या स्टुलांवर लागायचे तसे.
मागे एक मुलगी ताटकळत होती,
"आजोबा, झालं का तुमचं?"
"थांब गं, एवढा पूल होऊ दे."

पूल झाला.
तेव्हा कुठे दिसलं, तो पोरगा केव्हापासून
एक लाख बारा हजारांचा कागद धरून उभा आहे,
आणि माझा अंगठा ओला झालाय.

संध्याकाळी घरी मी तारा जोडत होतो.
अण्णांनी नवा कन्सोल मांडीवर पालथा घेतला,
डाव्या हातावरच टेकवून,
आणि चष्मा कपाळावर सरकवून
नखानं त्याच्या कडा चाचपत राहिले.
"स्क्रू लपवलेत लेकाच्यांनी."
"अण्णा, उघडू नका. वॉरंटी जाईल."
"किती दिवसांची?"
"वर्षाची."

ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.
मग कन्सोल सुलटा करून
अलगद माझ्याकडे सरकवला.

"थांबतो मग."