आधाररेषा

रात्री दोननंतर कलिन्यात व्होल्टेज जरा माणसात येतं,
म्हणून माझे प्रयोग दोननंतर.
नखाएवढ्या चकतीवर टिन ऑक्साइडचा थर,
खाली प्लॅटिनमची नागमोडी तार,
तीनशे अंश.
मग नुसतं बसायचं.

थर तापला की हवेतला ऑक्सिजन येऊन टेकतो
आणि टेकल्या टेकल्या इलेक्ट्रॉन उसना मागतो.
परतफेडीची घाई नसते त्याला.
नाल्यावरून सडक्या अंड्याचा वास आला, की मात्र
सगळी उसनवारी झटक्यात फिटते
आणि रोध धाडकन खाली.
एवढंच माझं संशोधन, पाच वर्षांचं.
बाकी सगळा गोंगाट.

गोंगाटाला मी नावानिशी ओळखते.
हा पंप.
ही लिफ्ट, तिसऱ्या मजल्यावर अडखळणारी.
पलीकडच्या इमारतीतले एसी, एकापाठोपाठ उचकी लागलेले.
नाखवांचा चहाचा हीटर, चार वाजून दहा मिनिटं.
गुरुवारी सव्वाचार. का, ते कधी विचारलं नाही.
सगळ्यांना मी वजा करते.
प्रबंधात त्यांच्या वाट्याला एक ग्रीक अक्षर आलंय.

सर म्हणतात, मोजणाऱ्यांना हे शहर आधीपासूनच वाईट.
कुलाब्याला चुंबकसुई होती.
अठराशे एकोणसाठच्या सप्टेंबरात सूर्यानं काही भिरकावलं,
तेव्हा कागदावरची रेघ अशी कोसळली
की जगभरचे लोक अजून तो कागद काढून बसतात.
पुढे ट्राम विजेवर चालवायचं ठरलं,
आणि सुईनं बिऱ्हाड हलवलं, समुद्रापल्याड, अलिबागला.
ट्राम गेली त्याला जमाना झाला.
सुई काही परत आली नाही.

ऋजुता ट्रॉम्सोला असते, रडारनं आयनांबर चाळते.
"आज ऑक्सिजन हिरवा होता," असं कळवते,
बाजारात बोंबील ताजे होते म्हणावं तसं.
शंभरेक किलोमीटरवर इलेक्ट्रॉन येऊन आदळतो,
अणू पाऊण सेकंद गप्प राहतो, मग हिरवा.
त्याच्याही वर, जिथं धक्का द्यायला शेजारी नाही,
तिथं जवळजवळ दोन मिनिटं गप्प.
मग तांबडा.

दोन मिनिटं!
माझा थरसुद्धा सावरायला तेवढीच घेतो.
तिला लिहिलं.
उत्तर आलं: योगायोग. झोप.

ऑक्टोबरातल्या एका रात्री तिचे लागोपाठ चार निरोप.
वादळ आलंय. आभाळ बघ.
गच्चीवर गेले. उमस.
आभाळ विमानतळाच्या दिव्यांचं, नारिंगी, जुन्या बनियनसारखं.
एक विमान उतरलं. दुसरं उतरलं.
आणि वीज गेली.

(वादळानं नव्हे. सबस्टेशनात घूस शिरली होती,
सकाळी कळलं.)

धावत खाली आले. सेन्सर बॅटरीवर चालू होता.
आणि रेषा सरळ.
पाच वर्षांत पहिल्यांदा, काही वजा न करता, सरळ.
मला तिच्याकडे बघवेना.
परक्याच्या घरात, कुणी नसताना शिरल्यासारखं झालं.

मग एक खळगा.
इतका उथळ, की एरवी लिफ्टनंच गिळला असता.
नाल्याचा नाही, वारा उलटा होता.
दोन मजले उतरले, भिंत चाचपत.

नाखवा मेणबत्ती लावून बसलेले, पुढ्यात वही.
भावाच्या बोटीचा डिझेलचा हिशोब, म्हणाले.
मी म्हटलं, ही तुमची वर दिसली.
त्यांना वाटलं, रागवायला आलेय.
फुंकर मारायला वाकले.
नको, नको, म्हटलं,
आणि समोरच्या स्टुलावर बसले.
त्यांनी हातचे तीन धरले, पुन्हा सोडले.

चाळीस मिनिटांनी पंप आला, लिफ्ट आली,
एसी आले आपल्या उचक्या घेऊन.

त्या चाळीस मिनिटांना नोंदवहीत काय म्हणावं,
अजून ठरत नाही.
ऋजुताला मात्र कळवलं: इथं पिवळा होता.
काजळीचा पिवळा, ऑक्सिजनचा नव्हे,
मला माहीत आहे.