हरळीशी तह

अनुजाच्या साखरपुड्याला आणलं होतं हे लॉन,
पुण्याहून, टेम्पोत, चटईसारखं गुंडाळून.
वीस बाय तीस.
पाहुणे चपला काढून चालले त्यावर,
आणि जालन्यात, अंबड रोडला, एप्रिलच्या संध्याकाळी
कुणीतरी म्हणालं, महाबळेश्वर वाटतंय.

तेव्हापासून ते पीत बसलंय.

मी एकतीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढली.
कुठल्या चारीला किती तास, गेजवर किती सेंटिमीटर,
टेलच्या माणसाच्या शिव्या सोडून
सगळं वहीत लिहिलं.
आणि रिटायर झाल्यावर रोज संध्याकाळी
पायजम्याचा एक पाय वर खोचून
अंगठ्याने पाइपचं तोंड दाबत उभा.
टँकर साडेआठशेचा, दहा दिवस पुरतो.
घरात प्रमिला धुण्याचं पाणी फरशीला वापरते,
फरशीचं संडासाला,
आणि मी बाहेर गवतावर इंद्रधनुष्य काढतोय.

ती काही बोलली नाही.
माझं जुनं फील्डबुक फक्त टेबलावर आणून ठेवलं,
पेन्सिलीसकट.

मग मोजलं. दुसरं येतं काय मला.
लॉनवर मांडल्या सात वाट्या,
लग्नातल्या आहेराच्या, तळाला मामांचं नाव कोरलेल्या.
वीस मिनिटं पाणी, मग फूटपट्टी.
कुंपणापाशी चौदा मिलिमीटर, मधे पाच,
आणि फरशीवर, जिथे काहीच उगवत नाही, एकोणीस.
आपल्याच अंगणात मी हेड, मीच टेल,
मधे कुठेतरी फुटलेली चारीही मीच.

मोईनमामू आले. पेचकस खुपसला मातीत.
दोन बोटं गेला, अडला.
"रोज चूळभर पिलाके आदत बिगाड दिये साब,
जडां नीचे कायकू जाते?"

मग पहाटेचं पाणी. पाच दिवसांतून एकदा, पण पोटभर.
गवत उंच ठेवलं, कापलेलं तिथंच पडू दिलं.
फरशीलगतचा पट्टा उखडून मुरूम टाकला.
तांदळाचं धुवण, फिल्टरचं वाया जाणारं पाणी,
सगळं बादलीत, बादली जास्वंदीला.
संध्याकाळी हात आपोआप नळाकडे जायचा,
तंबाखू सोडलेल्याचा जातो तसा खिशाकडे.
पश्चिमेचा निम्मा भाग पिवळा पडला, मग भुरा.
शेजारचे कुंटे कंपाउंडवरून म्हणाले, गेलं का हो?
मी म्हणालो, जाऊ द्या.

मेच्या मध्यावर त्या भुऱ्यात
एक हिरवं कांडं दिसलं.
मग पेरापेरानं सरकत दुसरं, तिसरं.
कुणी लावलेलं नाही, कुणी पाजलेलं नाही.
हरळी.

वाकलो, आणि खरं सांगतो,
हात उपटायलाच गेला होता.
आमच्या आप्पांनी जन्मभर हिच्याशी कुदळीनं बोलणं केलं.
ऐन वैशाखात, काळ्या ढेकळात, हातभर खोल,
मुळ्या बांधावर उन्हात टाकायच्या,
वाळल्या की पेटवायच्या,
तरी जेवताना म्हणायचे,
एक पेर राहिलं असंल बघ कुठंतरी.

राहिलं होतं, आप्पा.
वावर विकलं, बंगला बांधला, टेम्पो आणला,
आणि ते खाली वाट बघत होतं,
माझं पाणी संपायची.

आता निम्म्याहून जास्त तीच आहे.
जरा खरखरीत, तळव्यांना टोचते.
चतुर्थीला प्रमिला तिथूनच खुडते एकवीस जुड्या,
आणि पुण्याचं उरलेलं गवत
सावलीत, आंब्याखाली, पाहुण्यासारखं बसून असतं.
टँकर आता महिन्याला एक.

आप्पा आले असते तर त्यांनी चप्पल काढली नसती.
आधी खुरपं मागितलं असतं.
मी काय केलं असतं?
खुर्ची टाकली असती,
आणि सातही वाट्या आणून दाखवल्या असत्या.