पाचवी कडी

रॉलिन्सच्या पेट्रोल पंपामागे, सकाळी सहाला,
वारा अजून पुरता उठलेला नाही तोवर,
मी गुडघ्यांखाली जुनं पोतं घेते आणि बसते, वेंडेल,
तू बसायचास तिथे.

तू गाडीत. पट्टा लावलेला.
उजवा हात मांडीवर ठेवलेला,
ठेवलेला म्हणजे मी ठेवलेला.
आरशातून तू बघतोयस
ते माझ्या पाठीला कळतं.

आधी गोळा. जुनं ग्रीस फडक्याने पुसायचं,
काळंकुट्ट, त्यात वाळू,
मागच्या ते त्याच्याही मागच्या उन्हाळ्यातली.
नवं लावायचं बोटाने, हात आखडता न घेता.
मग ट्रेलरची मान खाली, खटका, पिन,
आणि जॅकने पुन्हा थोडं उचलून बघायचं
धरलंय, की नुसतं बसलंय.
रेल्वेच्या यार्डात तीस वर्षं डबे जोडलेस तू,
तुला हा फरक आवाजावरून कळायचा.
मला उचलूनच बघावं लागतं.

घर्षणाच्या पट्टीला मात्र थेंब लागू द्यायचा नाही.
वीतभर अंतर, आणि एकीला वंगण, दुसरीला बंदी.
पहिल्या वर्षी मी मायेने दोन्हीकडे चोपडलं होतं;
तू अख्खा रविवार पॉलिशपेपर घेऊन
अवाक्षर न बोलता घासत बसलास.
वळणावर ती किंचाळते. किंचाळू दे.
किंचाळते म्हणजे कामावर आहे.

मग साखळ्या.
पाचवी कडी. मोजावी लागत नाही,
तिच्यावर माझं नेलपॉलिश आहे,
सत्त्याण्णव साली भाचीच्या लग्नासाठी घेतलेलं,
न विचारता नेलंस, आणि मी दहा बोटं कोरी घेऊन
चर्चमध्ये उभी राहिले.
आता त्यातला एक टवका उरलाय.

एल्क माउंटनपाशी वारा उठला.
डावीकडून ट्रक गेला, एक, त्याच्यामागे दुसरा,
आणि आरशात आपलं घर
उजवीकडे दिसलं, मग डावीकडे,
मग जास्त उजवीकडे.
शेपूट कुत्र्याला हलवू लागली.

ब्रेक नाही. वेग नाही. स्टिअरिंगशी भांडण नाही.
सगळं पाठ होतं.
पायाला पाठ नव्हतं.
पाय ब्रेकवर गेलाच होता, टेकायचा बाकी होता,
आणि ट्रेलरच्या ब्रेकची ती छोटी दांडी,
डॅशबोर्डखालची,
तिच्याकडे हात नेला तर तिथे आधीच एक हात.
तुझा डावा.
तू दाबलीस. हळू. यार्डातल्यासारखी.
मागचं घर ओढ खाऊन
मुकाट ओळीत आलं.

तुझ्या तोंडून शब्द निघाला नाही,
निघत नाहीच आता; माझ्याही निघाला नाही.

आर्लिंग्टनला बाहेर पडले, दार उघडलं,
आणि दिसलं काय ते.
पार मागच्या पलंगावर, नीट घडी घालून,
मीच ठेवलेली तुझी चाकांची खुर्ची.
तिच्या शेजारी पाण्याचे तीन कॅन, औषधांची पेटी,
भांडी, ओगलालाच्या नणंदेसाठी मुरांब्याच्या बरण्या.
डोळ्यांआड असावी म्हणून
सगळं वजन शेपटाला दिलं होतं मी.

खुर्ची पुढे आणली. दारातून आत जाताना
पहिलीच वस्तू ती दिसेल आता. दिसू दे.
कॅन चाकांच्या वर. बरण्या मांडीवर घेईन म्हणाले,
मग आठवलं, गाडी मी चालवतेय.
तुझ्या मांडीवर दिल्या.

पट्टीला हात लावला तर तापलेली.
बोल्टला अर्धा आटा दिला, पाना पुसला,
वाऱ्यात पोतं उडालं ते कुंपणापर्यंत जाऊन आणलं.
आणि तू काच वाजवलीस.
टक टक टक टक टक.

बघितली रे, मी ओरडले, पाचवीच आहे.
वाऱ्यात तुला ऐकू गेलं नसणार.
पुन्हा वाजवलीस, तितकीच.
मी पोतं टाकलं,
वाकून पुन्हा बघितली.