मार्चपर्यंत

एंडेल एल्वाच्या वृद्धाश्रमात गेला.
जाताना किल्ली माझ्या हातात ठेवली
आणि मांजराचं नाव दोनदा सांगितलं,
जणू सतरा वर्षं भिंतीपलीकडून
मी ते ऐकलंच नव्हतं.
लुमी. म्हणजे बर्फ.
आता शेपटीपाशी पिवळटलेला,
वाटाणा गल्लीच्या कडेला साठून राहिलेल्या
फेब्रुवारीच्या बर्फासारखा.

(तार्तूच्या या वस्तीत गल्ल्यांना भाज्यांची नावं.
वाटाणा, बटाटा, घेवडा.
पत्ता सांगितला की पाहुण्यांना भूक लागते.)

पुतण्या रिहो फोनवर म्हणाला,
एकोणीस वर्षांचं मांजर, सिर्ये,
मूत्रपिंडं गेलेली, एक डोळा दुधाळ.
एक इंजेक्शन. त्यातच दया.
घर मार्चमध्ये विकायचंय.
दयेलाही मुदत असते
हे मला नव्याने कळलं.

माझ्याकडे नुर्र आहे. चार वर्षांचा, राखाडी.
शेगडीच्या ऊबदार विटा त्याच्या,
खिडकी त्याची, माझा डावा खांदा त्याचा,
पहाटे बेकरीतून परतले की
बुटांची झडती घ्यायची, तो हक्कही त्याचाच.

डॉक्टरबाई म्हणाल्या, वेगळी खोली, दोन आठवडे.
माझी एक खोली आणि एक स्वयंपाकघर.
मधल्या दाराला बिजागऱ्या आहेत, कडी नाही.
एकटीला कडी कशाला लागते?

लुमीला टॉवेलने पुसलं,
टॉवेल नुर्रपुढे टाकला.
तो फुगून दुप्पट झाला,
टॉवेलला काय काय बोलला,
मग रात्रभर त्याच्यापासून हातभर अंतरावर
बसून राहिला.
पहारा की सोबत, मला कळेना.

सासूबाई आल्या तेव्हा असंच झालं होतं.
हीउमा बेटावरून आल्या, एक ट्रंक
आणि स्वतःची किटली घेऊन.
आठवडाभर पायात बूट घालून झोपल्या.
येता का, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.
आणू का, असं मला.
सहा वर्षं एका चुलीवर दोन किटल्या.
त्या गेल्यावर त्यांच्या किटलीत
मी कधी पाणी उकळलं नाही.
टाकूनही दिली नाही.
पण हे मांजरांबद्दल चाललंय.

बेकरीतला जुना तराजू घरी आणला, कुणाला सांगू नका.
जानेवारीत लुमी तीन किलो शंभर.
काल दोन किलो आठशे.
तीनशे ग्रॅमचा पाव किती लहान असतो
ते मला ठाऊक आहे, तीस वर्षं भाजतेय.
एवढं मांजर महिन्याभरात कुठे गेलं?

तोवर रोज संध्याकाळी जाते, किल्लीने दार उघडते.
एंडेलच्या खुर्चीत बसते,
त्याचं विजेचं बिल मोठ्याने वाचते.
लुमीला शब्दांशी देणंघेणं नाही,
फक्त आवाज खोलीत हवा असतो.
पहिले नऊ दिवस कपाटाखाली.
दहाव्या दिवशी माझ्या मोज्यावर हनुवटी टेकवली
आणि लगेच उचलली,
चुकून दुसऱ्याच्या ताटात हात गेल्यासारखी.

घरी आले, तर नुर्रने मोजा हुंगला.
कान मागे. मग माझ्यावर फिसकारला.
माझ्यावर!
मी दारातच उभी, कोट अंगात, हातात पिशवी.
माझ्याच घरात मी परकं मांजर.
किती वेळ उभी राहिले ठाऊक नाही.
शेवटी खाली बसले, त्याच्याकडे न बघता,
डॉक्टरबाईंनी मांजरांना सांगितलं होतं तसं.
सूप निवलं. पलीकडच्या छपरावरून
बर्फाचा एक थर धपकन खाली आला.
मग तो आला. आधी बुटाकडे.

रिहोला अजून फोन केलेला नाही.
शेजारच्या लहानग्या केर्तुनं विचारलं,
म्हातारं मांजर मरणारच, तर आणायचं कशाला?
मी म्हटलं, बघू.
ती म्हणाली, मोठी माणसं बघू म्हणतात
तेव्हा नाहीच म्हणतात.

आज सकाळी दुकानातून कडी आणली.
पितळी, साधी, सोबत चार स्क्रू.
तीन बसले.
चौथा जुन्या लाकडात नुसता फिरतोय,
आणि नुर्र खाली बसून
तो धरेल की नाही
ते बघतोय.