दिवसातून चार वेळा यरीहो

अकरा, एक, तीन आणि पाच.
दिवसातून चार वेळा यरीहोची तटबंदी कोसळते.
सोमवारी बंद.

वारा उत्तरेचा असला
की दोन मैलांवरून रणशिंगं ऐकू येतात माझ्या टेबलापर्यंत.
मी व्हर्लीन टॅकेट, टेट्स फोर्क नगरपालिकेची कारकून,
केंटकीच्या या कोपऱ्यात एकतीस वर्षं
इतिवृत्त लिहितेय.

त्या रात्रीचंही मीच लिहिलं.
फेब्रुवारीतला मंगळवार, रस्ता गोठून काच झालेला,
आत थर्मासभर कॉफी आणि वर झालेले पाच हात.
जमीन एक डॉलरला.
रोखे सहा कोटींचे.
विक्रीकर जमा होईल तसा तीस वर्षं त्यांनाच परत,
आणि आत जो कुणी काम करेल
त्याच्या पगारातले शंभराला दोन,
तेही बागेच्याच कर्जाला.
सल्लागाराच्या तक्त्यावरचा बाण इतका सरळ वर गेला
की पाद्री ग्रिग्जच्या तोंडून 'आमेन' निघालं,
मग त्यांचं त्यांनाच हसू आलं.
ल्यूथर व्हिटने तेवढं विचारलं,
'बसमधली माणसं उतरणार कुठे?'
मी लिहिलं: नोंद घेण्यात आली.

तर ल्यूथर, ती महामार्गावर उतरतात.
तिथेच जेवतात, तिथेच झोपतात,
पोरांना प्लॅस्टिकचं रणशिंग घेतात
आणि तिथूनच परत महामार्गाला लागतात.
अर्डिथने पहिल्या उन्हाळ्यात
पायची चाळीस भांडी जास्तीची आणली होती,
खिडकीवर रंगवून घेतलं होतं, यात्रेकरूंचे स्वागत.
आता त्या भांड्यांत मी टोमॅटोची रोपं लावते.
छान येतात.

बागेकडून गावात रोज नेमाने येतं
ते फक्त सांडपाणी.
नळ अपुरा पडतोय,
पुढच्या बैठकीत तो विषय आहे.

मार्चमध्ये मेन स्ट्रीटवरच्या हार्डवेअरच्या दुकानाची भिंत पडली.
एकदाच पडली, रात्री,
रणशिंगाशिवाय.

कोहळा देऊन आवळा घेतला, असं म्हणणार होते.
पण आवळा माझ्याच घरात आलाय, तेव्हा जपून बोलते.
माझी भाची ब्रँडीलिन तिथे खिडकीतली बाई होते,
लाल दोर सोडणारी,
नगरातली एकटी वाचणारी.
चारही वेळा वाचते. ताशी साडेअकरा डॉलर.
आधी नदीपलीकडे कोंबड्यांच्या कारखान्यात होती,
रात्री तिची बोटं मी कोमट पाण्यात धरून सरळ करायची.
आता तिच्या पोराच्या दातांना तार बसलीय, विम्यावर.
हे तक्त्यावर नव्हतं.
तक्त्यावर बाण होता.

परवा तिने पगाराची चिठ्ठी पुढे ठेवली.
'मावशी, हे दोन टक्के कशाचे?'
ते जमा मीच करून घेते, पुढे मीच पाठवते.
म्हटलं, भिंतीचे.
'रोज पडते त्या?'
त्याच.
ती बराच वेळ चिठ्ठी बघत राहिली.
'म्हणजे एखादी वीट माझी असणार.
कुठली ते कळलं असतं,
तर तिच्या खाली उभी राहिले नसते.'

रविवारी मी चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत गाते,
माझी श्रद्धा कुणी मोजायला येऊ नये.
पण ती भिंत फुकटात पडली होती, हे मला माहीत आहे.
आणि जो ती पुन्हा उभारेल त्याला शाप आहे, हेही.
त्या मंगळवारी पाद्र्यांनी
तेवढा भाग वाचला नाही.
मीही आठवण करून दिली नाही.
थर्मास भरायला गेले होते.

पाचचा खेळ झाला की मी काउंटर बंद करते.
पडण्याचा आवाज इथवर येतो,
उभी राहण्याचा येत नाही.
ब्रँडीलिन सांगते, तेलाच्या दाबावर उठते ती,
सहा मिनिटांत, अगदी गुपचूप,
तेव्हा पाहुण्यांची पाठ असते.