जाकीट

लग्नातली अंगठी मी लॉकरमध्ये ठेवते.
त्या बोटावर आता स्कॅनर बसतो,
चिमटीएवढा, लाल डोळ्याचा.
खोका दाखवला की टिक् करतो.
नवऱ्याने तीस वर्षांत इतक्यांदा हो म्हटलं नसेल.

कमरेला पट्टा, मांड्यांना पट्टे,
पाठीवर स्प्रिंगांचा दुसरा कणा.
वाकायला चुकले की गुरगुरतो.
गुरगुरू दे. खरं सांगायचं तर
पोझ्नानच्या डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या, त्या याच्यामुळेच,
आणि नाताळात नातवाला मी कडेवर घेतलं.

पूर्वी रात्रीला सतरा किलोमीटर चालायचे.
आता मी उभी, आणि कपाटंच चालत येतात.
खाली कासवासारखं यंत्र, वर फळ्यांचं ओझं,
रांगेत उभी राहतात, धक्काबुक्की नाही.
लहानपणी आईचा हात धरून दुकानापुढे
आम्ही असेच उभे असायचो;
फक्त यांना ठाऊक असतं, आत माल आहे.

पायांना सुख आहे.
पण चाळिसाव्या गल्लीत मेलानिया भेटायची,
जाताना सुनेची अर्धी गोष्ट, येताना उरलेली.
ती गल्ली आता कुंपणाच्या आत.
माणसांना मज्जाव. दिवेसुद्धा लावत नाहीत.
मेलानिया सहा नंबरच्या खिडकीत असते, लांबून हात करते.

फेब्रुवारीत, पहाटे तीनला, आत कुठेतरी
बिटाच्या बियांचं पाकीट फुटलं.
जमिनीवरच्या खुणा झाकल्या, एक कासव अडलं,
मग त्याच्या मागचं, मग त्याच्या मागचं.
तिमोनने जाकीट दिलं.
हे अंगात असलं की यंत्रं माणूस ओळखतात
आणि जागीच थिजतात.
"तू जा, बोगुमिला. मी स्क्रीन बघतो."

अंधारात माझीच पावलं ऐकू आली,
कितीतरी महिन्यांनी.
जाईन तिकडे कपाटं थबकत गेली,
गावात बिशप आल्यासारखी.
गुडघे टेकले. बिया खरखरीत, वेड्यावाकड्या.
झाडूने मिनिटभराचं काम.
मी हाताने वेचल्या.
कणा गुरगुरला. मनगटावर आलं: वेग कमी.
कानात तिमोन: "झालं का?"
"होतंय," म्हटलं.

आणि परत आले ती लांबच्या वाटेने,
चाळिसाव्या गल्लीतून, सहा नंबरच्या खिडकीपर्यंत.
तिथली रांगही थांबलेली.
मेलानिया रिकाम्या हातांनी उभी.

"सुनेचं पुढे काय झालं गं?"