बिनदोऱ्याची सुई

दांडिया बाजारात, चष्म्याच्या दुकानावरचा जिना चढून
मी माझा उजवा खांदा घेऊन गेलो.
एकेचाळीस वर्षं पायाखाली मशीन, हातात कात्री;
आता हात कानापर्यंत पोचत नाही.
टोपी घालायची तर डोकं खाली आणावं लागतं.

भिंतीवर एक उघडा माणूस टांगलेला.
अंगभर रेघा, रेघांवर ठिपके,
कडेला चिनी अक्षरं.
म्हटलं, हा तर कुणीतरी बेतून ठेवलाय,
खडूनं आखलाय, कापायचा राहिलाय.
आंबेगावकरबाई हसल्या नाहीत.
जीभ पाहिली. मनगटावर तीन बोटं ठेवली
आणि कापडाचा पोत बघावा तशा
बराच वेळ गप्प राहिल्या.
'यकृतात राग आहे,' म्हणाल्या, 'जुना.
म्हणजे त्यांच्या शास्त्रात असं म्हणतात.'

राग?
आठवत बसलो.
परेशभाईंची शेरवानी, अठ्ठ्याण्णव सालची.
त्या नवरदेवाला आता जावई आला, शिलाई यायचीच आहे.
थोरल्यानं न विचारता विकलेलं पिको मशीन.
एवढंच.
एवढं खांद्यात मावतं?

मग सुया. केसाहून जरा जाड,
टोचली की नाही कळू नये अशा.
सवयीनं नेढं शोधलं. नव्हतं.
दोरा नाही, गाठ नाही,
आणि ह्या म्हणे आतलं उसवलेलं जोडतात.

एक काडी पेटवली त्यांनी, चिरूटाएवढी,
खांद्याजवळ धरली.
धूर नाकात गेला आणि मी डोळे मिटले.
दवणा!
चैत्रात देवावर वाहतो तो.
'त्याच कुळातला,' बाई म्हणाल्या, 'तिकडचा.'
द्वारका असती तर म्हणाली असती,
मग पैसे कसले घेता, घरचाच आहे की.

खाली दोन रिक्षावाले गुजरातीत भांडत होते.
ऐकता ऐकता मला झोप लागली.
भर दुपारी!
नवरात्राआधी घागऱ्यांच्या ढिगात
ज्याला रात्रीही पाठ टेकता आली नाही, त्याला.

खांदा? खोटं कशाला बोलू.
चार बोटं वर जातो. कान अजून लांब आहे.

पण बाई सुया काढून बशीत टाकत होत्या
आणि मी टिणटिण मोजत होतो.
टाचण्या मोजल्याशिवाय एक पोलकं
गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नाही जन्मात.
अकरा.
'बाई,' म्हटलं, 'बारा लावल्या होत्या.'
त्यांनी माझा कान मुडपला.
तिथं होती.